गॉगल लावून ड्रोन शिकणाऱ्या मुलांना जागा द्या : बडोद्याच्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बडोदे शहरातील मैदाने, शाळांची सभागृहे आणि ड्रोनच्या परवानग्या ज्यांच्या हातात आहेत अशा सर्व अधिकाऱ्यांस,

स. न. वि. वि.

शहरातल्या एका मोठ्या मैदानाच्या फाटकावर पाटी लागली आहे : ‘रिमोटने उडणारी कोणतीही वस्तू आत आणण्यास सक्त मनाई आहे.’ पाटीवर तारीख नाही, हुकूम कोणाचा ते नाही, कोणत्या नियमाखाली मनाई केली तेही नाही. आम्ही लेखी अर्ज केला. तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ असा शेरा घेऊन परत आला. मग ती कोणाच्या अखत्यारीत येते, हे सांगायला कोणी तयार नाही. मैदानाचं आणि कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. पाटी लावणाऱ्या माणसाला चारचौघांत उभं करण्याची माझी इच्छा नाही, आणि प्रश्नही त्या एका फाटकापुरता नाही. म्हणून हे पत्र आपणा सगळ्यांना आहे, आणि बडोदेकरांनी वाचावं म्हणून उघड आहे.

मी दांडिया बाजारात वाढले, आजही तिथेच राहते. नोकरीची सगळी वर्षं मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर भाचीमुळे एफपीव्ही (फर्स्ट पर्सन व्ह्यू), म्हणजे गॉगलमध्ये ड्रोनच्या नजरेने बघत उडवायच्या ड्रोनशी गाठ पडली. आता आमच्या आणि रावपुऱ्याच्या भागातली काही मुलंमुली रविवारी सकाळी जमतात, ती उडवतात आणि मी बाजूला उभी राहून त्यांच्या ड्रोनवर नजर ठेवते. कोणी मध्ये आलं, घार खाली झेपावली, वारा फिरला की ओरडून सांगते. ही मुलं शिकावीत असं मला मनापासून वाटतं, आणि त्यांचं शिकणं आज ज्या तऱ्हेने अडवलं जातंय ते मला गप्प बसून बघवत नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. लग्नात फोटो काढणारा ड्रोन आणि हा ड्रोन एक नव्हे. लग्नातल्या ड्रोनच्या रिमोटवरून हात काढला तर तो हवेत जागच्या जागी थांबतो, कारण जीपीएस आणि बाकीचे सेन्सर त्याला धरून ठेवतात. एफपीव्हीला सहसा असा आधार नसतो. ड्रोनच्या नाकाशी छोटा कॅमेरा असतो, त्याचं चित्र बहुतेक वेळा ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींवरून थेट डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये येतं. उडवणारा जमिनीवर खुर्चीत बसलेला असतो, पण जग त्याला ड्रोनच्या जागेवरून दिसतं. हात सुटले तर ड्रोन वाट बघत थांबत नाही, खाली येतो. म्हणूनच हे कसब आहे. सिनेमाचं चित्रीकरण, पुलांची आणि कारखान्यांची तपासणी अशा कामांना आज एफपीव्ही चालवणारे लागतात. एफएआय या जागतिक विमानक्रीडा संघटनेने ड्रोन रेसिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१८ साली चीनमधल्या शेन्झेनला घेतली, तेव्हा जिंकणारा मुलगा १५ वर्षांचा होता. २०२२ च्या वर्ल्ड गेम्समध्येही हा खेळ होता. तेव्हा हे ‘रिकामटेकड्या पोरांचे चाळे’ नाहीत. आमच्या अर्जावर बोलताना एकाने हेच शब्द वापरले, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता शिकणाऱ्याला अडतं कुठे, ते सांगते. ते कळल्याशिवाय आमच्या मागण्या आपल्याला फाजील वाटतील.

गॉगल लावला की पहिली गोष्ट जाते ती आजूबाजूची नजर. डावीकडे झाड आहे, मागे भिंत आहे, हे मुलाला कळत नाही. कॅमेरा एकच असल्यामुळे अंतराचा अंदाजही जातो. माझी भाची पहिल्यांदा उतरवायला गेली तेव्हा ड्रोन जमिनीपासून कंबरभर वर होता आणि ती मात्र म्हणत होती, “आत्या, टेकला ना?” तिने थ्रॉटल, म्हणजे मोटरींचा वेग, बंद केला आणि तो धपकन आपटला. तिचा अंदाज चुकला यात तिचा काही दोष नव्हता. दोन डोळ्यांना जी खोली आपोआप कळते ती एका कॅमेऱ्याच्या सपाट चित्रात नसतेच. गवताची पाती मोठी दिसायला लागली, आपली सावली जवळ आली, अशा खुणांवरून जमीन ओळखायला शिकावं लागतं. आणि हे मोकळ्या, सपाट, मऊ गवताच्या जागेवरच शिकता येतं.

दुसरं, तारा. साध्या ॲनालॉग गॉगलमध्ये चित्र तितकं स्वच्छ नसतं. विजेच्या खांबावरून घरात जाणारी सर्व्हिस वायर, केबलवाल्याची तार, वाळलेली बारीक फांदी चित्रात दिसते ती अगदी अंगावर आल्यावर, आणि तोवर उशीर झालेला असतो. आपल्या शहरात तर मांजाही आहे. पतंगांचं उत्तरायण १४ जानेवारीला येतं आणि दोन दिवसांत संपतं, पण झाडांत आणि खांबांवर अडकलेला मांजा पावसाळ्यापर्यंत लोंबत राहतो. तो मोटरच्या शाफ्टवर गुंडाळला गेला की मोटर अडते, तापते आणि जळते, ड्रोन खाली. खालून कोण चाललंय हे गॉगलमधल्या मुलाला दिसत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या आणि कृत्रिम मांजावर बंदी घातली, तरी दर उन्हाळ्यात झाडांतून आम्ही जो मांजा सोडवतो त्यात तो असतोच.

काही अडचणी शरीराच्या आहेत. डोळे सांगतात आपण वळतोय, झुकतोय, तोल सांभाळणारा आतला कान सांगतो आपण खुर्चीत बसलोय. या भांडणात नवख्याला मळमळतं, काहींना घाम फुटतो. पहिल्या दिवसांत उभं राहून उडवूच नये, बसावं, आणि चक्कर आली की लगेच गॉगल काढावा. दोन डोळ्यांतलं अंतर प्रत्येकाचं वेगळं, त्याप्रमाणे गॉगलची भिंगं सरकवून घ्यावी लागतात. चष्मा असलेल्या मुलाला वेगळी भिंगं बसवावी लागतात, नाहीतर चष्मा आत दाबला जाऊन सगळं अंधुक दिसतं. बडोद्याच्या दमट हवेत चेहऱ्याच्या उष्णतेने काचेवर वाफ धरते. आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते : गॉगल काढून उन्हात उलटा ठेवला तर त्याच्या भिंगांतून ऊन आतल्या पडद्यावर एकवटतं आणि पडदा जळतो, कायमचा. म्हणजे सावली, खुर्ची आणि एक टेबल या आमच्या चैनीच्या मागण्या नाहीत.

रिमोटचीही एक गोष्ट सांगते. नवख्याने ‘अँगल मोड’मध्ये सुरुवात करावी. त्यात रिमोटवरची काठी सोडली की ड्रोन निदान सपाट होतो. ‘ॲक्रो’मध्ये तो ज्या कोनात झुकवला त्या कोनातच राहतो, तो उलट काठी देऊन परत आणावा लागतो. कॅमेऱ्याचा कोनही सुरुवातीला कमी, १० ते १५ अंश ठेवायचा. व्हिडिओत वेगाने उडणारे ड्रोन बघून मुलं कॅमेरा ३०-४० अंश वर करून ठेवतात. मग समोरचं बघायचं तर ड्रोन नाक खाली घालूनच उडवावा लागतो, म्हणजे हवा असो नसो, वेग घ्यावाच लागतो. हे सांगायला बाजूला जाणतं माणूस लागतं. कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर बोटांना वळण लागतं, तो सगळ्यांनी करावाच. पण त्याला बरा ग्राफिक्सवाला कॉम्प्युटर लागतो, जो आमच्या अनेक घरांत नाही. आणि वारा, मांजा, संपत आलेली बॅटरी यांची भीती सिम्युलेटरमध्ये नसते.

सगळ्यात जास्त अपघात कशाने होतात असं मला विचाराल तर मी म्हणेन, एकाच चॅनेलवर दोघांनी व्हिडिओ सुरू केल्याने. रेससाठी ५.८ गिगाहर्ट्झमध्ये साधारण ८ चॅनेल वापरतात. एक मुलगा हवेत असताना दुसऱ्याने न विचारता आपला ड्रोन त्याच चॅनेलवर चालू केला की पहिल्याच्या गॉगलमध्ये अचानक दुसऱ्याचं चित्र दिसतं किंवा नुसत्या मुंग्या. त्या क्षणी तो आंधळा असतो आणि त्याचा ड्रोन वेगात असतो. यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. एक फळा, त्यावर चॅनेलचे आकडे, प्रत्येक आकड्याला कपड्यांचा एक चिमटा. ज्याच्या हातात चिमटा त्यानेच तो चॅनेल वापरायचा, उतरला की चिमटा परत लावायचा. पण हा फळा लावायचा तर सगळे एका जागी, ठरल्या वेळी यायला हवेत. जागाच नसेल तर एक पोरगा या अगाशीवर (गच्चीवर), दुसरा शेजारच्या गल्लीतल्या अगाशीवर, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

बॅटरीचं थोडक्यात लिहिते. लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल ४.२ व्होल्टवर पूर्ण भरतो, ३.५ च्या आसपास आला की उतरायचं, ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर ठेवायची. फुगलेली, आपटून चेपलेली बॅटरी पेट घेऊ शकते. मे महिन्यात बंद गाडीत ती ठेवून जाणं म्हणजे आग मागणं. वाळूची एक बादली जवळ असावी, चार्जिंगवर लक्ष ठेवणारं माणूस असावं. घरोघरी पलंगाखाली चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांपेक्षा एका जागी, देखरेखीखाली चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या आपल्यालाही सोयीच्या नाहीत का?

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार त्या पाटीवरच्या ‘कोणतीही वस्तू’ या शब्दांबद्दल. ६५ मिलिमीटरचा व्हूप, म्हणजे चिमुकला ड्रोन, बॅटरीसकट साधारण ३० ग्रॅमचा असतो, त्याच्या पात्यांभोवती प्लॅस्टिकचं कडं असतं, आणि तो अंगावर आदळला तर फार तर खरचटेल. पाच इंची पात्यांचा रेसिंग ड्रोन बॅटरीसकट ६००-७०० ग्रॅमचा असतो आणि त्याचं पातं बोट कापू शकतं. या दोघांना एकच नियम लावणं म्हणजे नियम न करणंच. देशाचा कायदा असं करत नाही. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो, तिथून २ किलोपर्यंतचे मायक्रो, अशा वेगळ्या श्रेणी आहेत. नॅनोसाठी, आणि व्यावसायिक नसलेल्या मायक्रोसाठी, रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. केंद्राने जी सूट दिली ती फाटकावरच्या पाटीने काढून घेतली, आणि तीही कारण न देता. नोंदणीचे आणि उंचीचे जे नियम आहेत ते पाळायला आमची ना नाही. नियम मोडला तर १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे हेही आम्ही मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो.

मनाई असूच नये असं मी म्हणत नाही. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता तेव्हा गुजरातेत फटाके आणि ड्रोन यांवर १५ तारखेपर्यंत बंदी होती. त्या बंदीला कारण होतं, सांगणारं माणूस होतं आणि शेवटची तारीख होती. आम्ही सगळं सामान कपाटात ठेवलं, एकाही मुलाने कुरकुर केली नाही. मनाई अशी असावी.

दुसरी तक्रार शहराच्या नकाशाची आहे. हरणीचा विमानतळ जुन्या शहराच्या अगदी जवळ. नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं, त्यापलीकडच्या ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत. ८ किलोमीटरच्या आत ही सवलत नाही. म्हणजे दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी, सगळे या सवलतीबाहेर. दक्षिणेला मकरपुऱ्यात हवाई दल आहे. हे निर्बंध योग्यच आहेत, विमानाच्या वाटेत कोणी येता कामा नये. पण मग शहरात राहणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाने कायदेशीरपणे कुठे शिकायचं, हे कोणीतरी सांगायला हवं ना? मुलं पादरा, डभोई या गावांच्या रस्त्याला कुठेतरी पडीक शेत बघून जातात. तिथे सावली नाही, पाणी नाही, लागलं-पडलं तर दवाखाना नाही. मुलींचं तर जाणंच बंद होतं. माझ्या भाचीबरोबर शिकणाऱ्या दोन मुलींच्या घरच्यांनी हेच सांगितलं, की गावाबाहेर ओसाड जागी पाठवणार नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही नसतं पाठवलं. त्या दोघींची बोटं आमच्या गटात सगळ्यात हलकी होती, आणि शिकणं सुटलं ते त्यांचंच.

पोहण्याचा तलाव बंद केला म्हणून मुलं पोहायची थांबत नाहीत, ती विश्वामित्री नदीत उतरतात. आज तेच होतंय. मैदान बंद झाल्यावर मुलं अगाशीवर गेली. अगाशीवरून उडवलेला ड्रोन समोरच्या इमारतीआड गेला की सिमेंटच्या भिंतीमुळे चित्र तुटतं, रिमोटचा संपर्कही तुटू शकतो. रिमोटचा संपर्क तुटला की ‘फेलसेफ’ ही आपोआप चालणारी सोय लागून मोटरी बंद, आणि ड्रोन खालच्या रस्त्यावर. मैदानात फेलसेफ म्हणजे गवतावर पडलेला ड्रोन, गल्लीत फेलसेफ म्हणजे स्कूटरवरून जाणाऱ्या बाईच्या डोक्याला धोका. मनाई करणाऱ्यांनी या दोहोंचा हिशेब मांडला होता का, हे मला विचारायचं आहे.

तिसरी तक्रार नियम करणाऱ्यांशी आहे, ती आपण वरपर्यंत पोचवावी. ड्रोन नियमांत छंदासाठी, शिक्षणासाठी उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या ‘मॉडेल’ विमानांची व्याख्या आहे आणि त्यात ते नजरेच्या टप्प्यात उडवलं पाहिजे अशी अट आहे. अट रास्त आहे. पण गॉगल लावलेल्याची नजर कोणती धरायची? नियमांच्या मजकुरात गॉगलचा उल्लेखच नाही. युरोपात आणि अमेरिकेत यावर सरळ तोडगा आहे : उडवणाऱ्याच्या शेजारी एक निरीक्षक उभा राहतो, त्याने उघड्या डोळ्यांनी ड्रोनवर नजर ठेवायची आणि तोंडाने सांगत राहायचं. मी रविवारी तेच काम करते. पण आपल्याकडे माझ्या उभं राहण्याला कागदावर काही किंमत नाही. उद्या एखाद्या शिपायाने विचारलं तर मुलगा नियमात आहे की नियमाबाहेर, हे त्यालाही सांगता येणार नाही आणि मलाही. अशा धूसर जागेत नेहमी नवखाच अडकतो, कारण वाद घालण्याचं बळ त्याच्याकडे नसतं.

आणि चौथी, सामानाची. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनची आयात बंद आहे, सुट्या भागांना मुभा आहे. देशात कारखाने उभे राहावेत हा हेतू मला पटतो. पण त्याचा भार नवख्यावर पडतो. इतर देशांत मुलं डब्यातून काढलेल्या तयार व्हूपवर शिकतात, आपल्याकडे बाराव्या-तेराव्या वर्षी सोल्डरिंगपासून सुरुवात. मोटरच्या तीन तारा, त्यांची फिरण्याची दिशा, उलटसुलट पाती, बॅटरीचा प्लस-मायनस. एक डाग चुकला तर पहिल्याच जोडणीला धूर आणि बापाचे हजारो रुपये गेले. मला यात शिक्षक म्हणून आनंदच आहे, कारण जो स्वतः जोडतो त्याला दुरुस्तही करता येतं. आम्ही पहिल्या जोडणीच्या वेळी बॅटरीच्या वाटेत गाडीचा १२ व्होल्टचा बल्ब सिरीजमध्ये घालतो. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि सर्किट वाचतं. टेबलावर तपासताना पाती काढून ठेवायची, हा आमचा पहिला नियम. पण हे शिकवायला टेबल, प्लग आणि छप्पर हवं. ते माझ्या घराच्या पडवीत किती मुलांना पुरणार?

बडोद्याला हे सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं. सयाजीराव महाराजांनी १८९० साली इथे कलाभवन उभं केलं ते हाताने काम करणारी, यंत्र समजणारी माणसं घडावीत म्हणून. दादासाहेब फाळके तिथे शिकले. २८ ऑक्टोबर २०२४ ला याच शहरात सी-२९५ या मालवाहू विमानांच्या जोडणीचा कारखाना सुरू झाला, ५६ पैकी ४० विमानं इथे बनायची आहेत. केंद्र सरकारने बचतगटांतल्या बायकांना शेतीचे ड्रोन द्यायची १५ हजार गटांची योजना आखली. ज्या शहरात विमानं जोडली जाणार, तिथल्या मुलाला तीस ग्रॅमचा ड्रोन घेऊन उभं राहायला जागा नाही.

आमच्या मागण्या अशा :

१. मैदानावरची मनाई लेखी आदेशाने जाहीर करावी. त्यात कारण, नियमाचा आधार, मुदत आणि दाद मागण्याची जागा असावी. तसा आदेश काढता येत नसेल तर पाटी उतरवावी.

२. आठवड्यातून एक सकाळ, एका शाळेचं किंवा व्यायामशाळेचं बंद सभागृह पात्यांना कडं असलेल्या, १०० ग्रॅमच्या आतल्या व्हूपसाठी द्यावं. बंद छपराखाली विमानाच्या वाटेचा प्रश्न येत नाही. जाळी आम्ही वर्गणी काढून आणू, हॉल झाडून परत देऊ, भाडंही देऊ.

३. मोठ्या ड्रोनसाठी विमानतळापासून १२ किलोमीटरच्या पलीकडे, ग्रीन झोनमध्ये, एसटी किंवा शहर बस जाते अशा रस्त्याला एक सरकारी जागा ठरलेल्या दिवशी वापरू द्यावी. वर तारा नकोत, जवळ वस्ती नको. सावलीचं एक शेड, पाणी, वाळूची बादली आणि चॅनेलचा फळा. बाकी काही नको.

४. परवानगीसाठी एक अधिकारी नेमावा, ज्याचं उत्तर शेवटचं धरलं जाईल. एकच अर्ज तीन कार्यालयांत फिरवू नये.

५. गॉगल लावणाऱ्याशेजारी उघड्या डोळ्यांचा निरीक्षक असेल तर ते उड्डाण नजरेच्या टप्प्यातलं धरावं, असं स्पष्टीकरण नियमांत यावं यासाठी आपण केंद्राकडे लेखी शिफारस करावी. सोबतच शिकाऊ मुलांच्या १०० ग्रॅमच्या आतल्या तयार व्हूपच्या आयातीचा वेगळा विचार व्हावा, हेही कळवावं.

६. उत्तरायणानंतर मैदानांतल्या झाडांवरचा मांजा महिन्याभरात काढून घ्यावा. हे पक्ष्यांसाठीही हवंच आहे. माणसं कमी पडली तर आमची मुलं येतील.

आमच्या बाजूने हमी देते. माणसांवरून आणि रस्त्यावरून उडवणार नाही. निरीक्षकाशिवाय गॉगल लावणार नाही. नवख्याचा व्हिडिओ ट्रान्समीटर सगळ्यात कमी शक्तीवर, २५ मिलिवॉटवर ठेवू. कोणाच्या घरात, खिडकीत, अगाशीवर कॅमेरा फिरवणार नाही. लोकांची मोठी भीती हीच असते आणि ती खरी आहे, म्हणून प्रत्येक उड्डाणाचं रेकॉर्डिंग आपण मागाल तेव्हा दाखवू. यातलं काही मोडलं तर त्या मुलाला आम्हीच थांबवू आणि आपल्याला कळवू.

जुना अर्ज आणि त्यावरचा शेरा यांची प्रत या पत्रासोबत जोडली आहे. उत्तर ३० दिवसांत आणि लेखी मिळावं, ही विनंती. ते नकाराचं असलं तरी चालेल, पण त्याखाली कारण आणि सही हवी. म्हणजे पुढचा अर्ज कोणाकडे करायचा ते आम्हाला कळेल.

आपली,
दांडिया बाजारातील एक निवृत्त शिक्षिका,
रविवारी जमणाऱ्या मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या वतीने